पायाच्या बोटांतील उघडे दार

कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या बेचक्यात वसलेले कुंभकोणम मराठी वाचकांस सर्वस्वी परके नाही. ज्या तंजावर प्रांतात हे गाव येते, तेथे १६७० च्या दशकात व्यंकोजी राजांनी मराठी गादी स्थापिली आणि ती नावाने तरी १८५५ पर्यंत टिकली. घरात मराठी बोलणारी कुटुंबे त्या भागात आजही आढळतात. दर बारा वर्षांनी तेथील महामहम तलावात स्नानासाठी लाखो यात्रेकरू जमतात. मागील पर्वणी २०१६ च्या फेब्रुवारीत झाली, पुढची २०२८ मध्ये यावयाची आहे. देवळे, रेशमी वस्त्रे, पितळेची भांडी आणि विड्याची कोवळी पाने यांसाठी हे गाव सर्वत्र प्रसिद्ध आहे.

परंतु जुन्या पिढीतील तमिळ माणसास कुंभकोणमचे नाव काढताच आणखी एक गोष्ट आठवत असे. ती म्हणजे ‘यानैक्काल’, म्हणजेच हत्तीपाय. कावेरीच्या खोऱ्यात पाण्याचे कालवे, भातखाचरे आणि गावातील तुंबलेली गटारे यांमुळे डासांस तोटा नव्हता, आणि डासांमागोमाग हत्तीरोग येई. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत खांबासारखा सुजलेला पाय ओढीत चालणारी माणसे त्या मुलुखात नवलाची नव्हती. आपल्याकडेही नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा या बाजूच्या वाचकांस हे दृश्य अपरिचित नसेल.

या लेखात हत्तीरोगाचा समग्र विचार करावयाचा नाही. आपला आजचा विषय त्याहून फार साधा आहे. तो म्हणजे त्वचेवर नित्य आढळणारे जिवाणूंचे व बुरशीचे विकार, ते ओळखण्याच्या खुणा आणि त्यांवरील उपचार. पण हे विकार क्षुल्लक म्हणून सोडून दिले, तर त्यांतून केवढा अनर्थ ओढवतो हे कुंभकोणमच्या त्या सुजलेल्या पायांइतके स्पष्ट दुसरे कोणी सांगू शकणार नाही. म्हणून आरंभ तेथून केला आहे.

ताप कोठून येतो?

हत्तीरोगाचा कृमी डासाच्या चाव्यातून शरीरात शिरतो आणि लसिकावाहिन्यांत, म्हणजे रक्ताहून वेगळा असा पातळ रस वाहून नेणाऱ्या सूक्ष्म नळ्यांत, वस्ती करतो. त्या नळ्या बिघडल्या की रस पायात साचून राहतो आणि सूज येते. येथवरची हकीकत बहुतेकांना ठाऊक असते. पुढची मात्र ठाऊक नसते. अशा रुग्णाला वर्षातून काही वेळा एकाएकी थंडी वाजून ताप भरतो, पाय लाल होतो, तापतो, ठणकतो आणि जांघेत अवधाण येते. तीन-चार दिवसांनी ताप उतरतो. पण पाय पूर्वीइतका खाली बसत नाही. प्रत्येक ताप थोडी सूज मागे ठेवून जातो आणि अशा अनेक तापांनंतर पायाची कातडी जाड, खरखरीत व घड्यांची होते.

हा ताप कृमीमुळेच येतो, अशी डॉक्टरांचीही पुष्कळ वर्षे समजूत होती. १९९० च्या दशकात ब्राझीलमधील रेसिफे आणि आपल्या केरळातील आलप्पुळा येथील वैद्यांनी अशा रुग्णांचे पाय बारकाईने तपासले, तेव्हा निराळीच गोष्ट दिसून आली. ताप आणणारा शत्रू बहुधा साधा जिवाणू होता आणि तो आत शिरला होता पायाच्या बोटांमधील भेगेतून. बोटांमधील कातडी ओलीने भिजून पांढरी पडलेली, बुरशीने कुजलेली, कोठेतरी चिरलेली असे. तेवढी फट जिवाणूंना पुरेशी होती. ज्यांचा रस वाहून नेणारा मार्गच बिघडला आहे, त्यांच्या पायात शिरलेल्या जिवाणूंना हुसकून लावणे शरीराला जड जाते. अशा रुग्णांना रोज पाय धुऊन कोरडे करण्याची आणि बोटांमधील जखमांस वेळीच औषध लावण्याची सवय लावली, तेव्हा तापाचे हल्ले पुष्कळच कमी झाले.

बोटांमधील या विकारास आपण मराठीत ‘चिखल्या’ म्हणतो. तमिळ भाषेत त्याला ‘सेट्रुप्पुण’ म्हणतात. त्याचा अर्थ चिखलाचा व्रण. दोन्ही भाषांनी स्वतंत्रपणे एकच नाव ठेविले, कारण दोन्हीकडील शेतकऱ्याने ते एकाच ठिकाणी मिळविले. कुंभकोणमच्या खाचरात रोपे लावणारी बाई असो की कोकणात लावणी आणि विदर्भात रोवणी करणारी असो, ती दिवसचे दिवस पोटरीभर चिखलात वाकून उभी असते. शहरात राहणाऱ्यांनी मात्र निर्धास्त होऊ नये. बंद बूट व नायलॉनचे मोजे दिवसभर घालणाऱ्या पोलीस शिपायाच्या, कारखान्यातील कामगाराच्या आणि शाळकरी मुलाच्या पायांत चिखलाशिवायही चिखल्या होतात. त्वचेला ओल पुरते, चिखलच लागतो असे नाही.

दोन शत्रू, दोन औषधे

त्वचेच्या संसर्गात मुख्यतः दोन प्रकारचे शत्रू असतात. एक जिवाणू आणि दुसरी बुरशी. डोक्यातील एका चिवट खवड्याचे कारण बुरशी आहे, हे पॅरिसमध्ये डेव्हिड ग्रूबी यांनी १८४१ च्या सुमारास दाखवून दिले. गळवातील पुवात द्राक्षांच्या घोसासारखे दिसणारे जिवाणू असतात, हे अ‍ॅबर्डीनचे शस्त्रवैद्य अलेक्झांडर ऑगस्टन यांनी १८८० च्या सुमारास सिद्ध केले. या दोन शत्रूंची जात निराळी असल्यामुळे एकाचे औषध दुसऱ्यास चालत नाही.

याचे उत्तम उदाहरण पुण्याजवळच्या पिंपरीचे आहे. तेथील हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यात १९५५ मध्ये पेनिसिलीनचे उत्पादन सुरू झाले. त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत डॉ. तिरुमलाचार व त्यांचे सहकारी यांनी १९६० च्या सुमारास मातीतील एका सूक्ष्मजीवापासून ‘हॅमायसीन’ नावाचे बुरशीनाशक शोधून काढले. एकाच आवारातील ही दोन औषधे. पण पेनिसिलीनने नायटा जात नाही आणि हॅमायसीनने गळू बरे होत नाही. म्हणून औषध लावण्यापूर्वी शत्रू कोण हे ओळखणे अगत्याचे आहे.

ओळखण्याची ढोबळ खूण अशी. जिवाणूंचा विकार त्वरेने वाढतो, तासांत किंवा एक-दोन दिवसांत. तो दुखतो, ठणकतो, तापतो आणि त्यात पू होतो. बुरशीचा विकार सावकाश पसरतो, आठवडे घेतो. तो दुखण्यापेक्षा खाजतो आणि त्यावर कोंडा सुटतो. या नियमाला अपवाद आहेत, तथापि घरात प्रथम पाहणाऱ्यास एवढी खूण बरीच उपयोगी पडते.

जिवाणूंचे विकार

लहान मुलांच्या नाकातोंडाभोवती किंवा हातापायांवर पाण्याचे फोड उठतात, ते फुटतात आणि त्यावर मधासारखी पिवळी खपली धरते. हा संसर्ग एका मुलाकडून दुसऱ्याकडे टॉवेल, उशी, बोटे यांतून भराभर जातो. खपली कोमट पाणी व साबणाने हलकेच मऊ करून काढावी आणि डॉक्टरांनी सांगितलेले म्युपिरोसिन किंवा फ्युसिडिक आम्ल यांसारखे जिवाणूनाशक मलम लावावे. फोड पुष्कळ असतील किंवा ताप असेल, तर पोटात औषध घ्यावे लागते. असे फोड बरे झाल्यावर काही आठवड्यांत मुलाचा चेहरा सकाळी सुजलेला दिसू लागला, लघवी कमी किंवा तांबूस होऊ लागली, तर मुलास विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावे. क्वचित प्रसंगी या जिवाणूंमुळे मूत्रपिंडास दाह होतो.

केसाच्या मुळाशी होणारे केसतूड, त्याहून मोठे गळू आणि काखेत होणारी काखमांजरी हीही बहुधा त्याच वर्गातील भावंडे होत. त्यांना दिवसातून तीन-चार वेळा, दहा-पंधरा मिनिटे, स्वच्छ कापड कोमट पाण्यात पिळून शेक द्यावा. गळू पिळू नये आणि घरच्या सुईने फोडू नये. नाकावरील व वरच्या ओठावरील गळवाला तर हातही लावू नये, कारण तेथील रक्तवाहिन्यांचा मेंदूच्या बाजूशी संबंध असतो. मोठे गळू डॉक्टरांकडून फोडून घ्यावे. एकामागून एक गळवे होत असतील, तर रक्तातील साखर तपासून घ्यावी. मधुमेहाची पहिली वर्दी अनेकदा गळवांतूनच मिळते.

या सर्वांत भयंकर म्हणजे आपल्याकडे ज्याला धावरे म्हणत, तो विकार. कातडी लाल, तकतकीत, गरम होते आणि ती लाली डोळ्यांदेखत पसरत जाते. सोबत ताप व थंडी. या विकाराचे नावच तो कसा धावतो हे सांगते. लालीच्या कडेवर पेनाने रेघ ओढून वेळ लिहून ठेवावी, पाय उशीवर उंच ठेवावा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. यावर पोटातून किंवा सुईने जिवाणूनाशक औषध घ्यावेच लागते. लेपांनी वेळ जातो आणि विष पसरते. हत्तीपायाच्या रुग्णाला येणारा ताप याच जातीचा असतो.

बुरशीचे विकार

नायट्याला आपण गजकर्ण म्हणतो, तर तमिळ लोक ‘पडर्तामरै’, म्हणजे पसरत जाणारे कमळ म्हणतात. दोन्ही नावांत त्याची आकृती आहे. मध्ये बरी होत आलेली कातडी, भोवती उंच, लालसर, कोंडा सुटणारी कड आणि विलक्षण खाज. जांघ, कंबर, काख आणि वक्षाखालची जागा ही त्याची आवडती ठिकाणे होत, कारण तेथे घाम मुरतो. शंका असल्यास डॉक्टर कडेवरील कोंडा खरवडून, तो पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. ही तपासणी सोपी व स्वस्त आहे.

क्लोट्रिमॅझोल किंवा मायकोनॅझोल यांचे साधे मलम दिवसातून दोनदा लावावे. ते वर्तुळाच्या बाहेर दोन बोटे अंतरापर्यंत लावावे आणि डाग दिसेनासा झाल्यावरही दोन आठवडे चालू ठेवावे. खाज थांबली की औषध थांबविण्याची जी आपली रीत आहे, तिच्यामुळेच नायटा महिन्याने परत येतो. डोक्यातील नायट्याला व नखातील बुरशीला मलम पुरत नाही. तेथे पोटातील औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली आठवडे किंवा महिने घ्यावे लागते. मुलाच्या डोक्यावर केस तुटून गोल चट्टा पडला, त्यावर कोंडा असेल, तर ती साधी चाई समजून तेल चोळीत बसू नये.

छाती, पाठ व मानेवर फिकट किंवा तपकिरी रंगाचे, नखाने खरवडल्यास बारीक कोंडा सुटणारे ठिपके उठतात, त्यांना आपण शिबे म्हणतो. हीही बुरशीच. ती प्रत्येकाच्या कातडीवर थोडीफार असतेच. घामाच्या दिवसांत माजते. सेलेनियम सल्फाइड किंवा केटोकोनॅझोल यांचा द्रव डॉक्टरांच्या सल्ल्याने लावल्यास ती हटते. कातडीचा मूळ रंग परत येण्यास मात्र काही महिने लागतात, म्हणून औषध लागू पडले नाही असे समजू नये. हे कोड नव्हे आणि कोणाच्या विवाहास अडथळा आणण्याजोगे तर मुळीच नव्हे.

भांडी घासणाऱ्या, धुणी धुणाऱ्या, रेशीम रंगविणाऱ्या, म्हणजे सदैव पाण्यात हात असणाऱ्या माणसांच्या नखांच्या कडा सुजतात व दुखतात. तान्ह्या मुलाच्या लंगोटाखाली आणि मधुमेही माणसाच्या जांघेत लालभडक ओली जागा होऊन भोवती लहान-लहान तांबडे ठिपके पसरतात. ही कॅन्डिडा नावाच्या बुरशीची करणी असते. येथे औषधाइतकेच महत्त्व कोरडेपणाला आहे.

चिखल्यांविषयी एक विशेष सांगावयाचे आहे. त्यांत बुरशी आणि जिवाणू हे दोघेही पुष्कळदा एकत्र नांदतात. कातडी पांढरी, भिजल्यासारखी असून नुसती खाजत असेल, तर बुरशीनाशक मलम पुरते. दुर्गंध येत असेल, हिरवट ओल किंवा पू दिसत असेल, पाय टेकवत नसेल, तर जिवाणूंचाही उपचार करावा लागतो आणि तो डॉक्टरांनीच ठरवावा. जखम पाझरत असेल तेव्हा पोटॅशियम परमँगनेटचे अगदी फिक्या गुलाबी रंगाचे पाणी करून त्यात दहा मिनिटे पाय ठेवण्यास डॉक्टर सांगतात. त्या वेळी एकही खडा न विरघळता राहू देऊ नये, नाहीतर कातडी भाजते. व्हिटफील्डचे जुने मलम, ज्यात बेंझॉइक आम्ल ६ टक्के आणि सॅलिसिलिक आम्ल ३ टक्के असते, ते जाड झालेल्या कोरड्या कातडीवर चांगले; उघड्या भेगेवर, चेहऱ्यावर किंवा जांघेत लावल्यास ते झोंबते.

झटपट आरामाचा मोह

वाचकांनी सर्वांत सावध राहावे अशी गोष्ट आता सांगतो. औषधांच्या दुकानात ‘खाजेचे मलम’ मागितले की पुष्कळदा अशी नळी हाती येते, जिच्यात बुरशीनाशक, जिवाणूनाशक आणि स्टेरॉइड ही तिन्ही एकत्र मिसळलेली असतात. स्टेरॉइडमुळे दोन दिवसांत खाज व लाली जाते आणि औषध रामबाण वाटते. वास्तविक स्टेरॉइडने त्वचेची प्रतिकारशक्ती झोपी जाते आणि बुरशी निवांत पसरत राहते. मलम थांबविताच ती दुप्पट उसळते. नायट्याची ओळखीची आकृती मोडते, डॉक्टरांनाही तो ओळखणे कठीण होते, कातडी पातळ पडते आणि जांघेत कायमचे पांढुरके वळ उठतात.

या दुरुपयोगास आळा घालण्यासाठी केंद्र सरकारने मार्च २०१८ मध्ये बाहेरून लावावयाची चौदा स्टेरॉइडे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकावयाच्या औषधांत आणली. पण कायद्याचा खरा पहारा ग्राहकाच्या डोळ्यांत असतो. नळीवर बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी एखादे नाव दिसले, तर डॉक्टरांनी लिहून दिल्यावाचून ती घेऊ नये. शेजाऱ्याला गुण आला म्हणून त्याची उरलेली नळी तर कदापि वापरू नये.

या निष्काळजीपणाची किंमत साऱ्या देशाला द्यावी लागत आहे. गेल्या काही वर्षांत भारतात हटवादी नायट्याची साथच पसरली आहे. जपानी संशोधकांनी २०२० मध्ये भारतीय व नेपाळी रुग्णांकडे आढळलेल्या एका बुरशीचे वर्णन करून तिला ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ असे आपल्या देशावरून नाव दिले. टर्बिनाफीन हे एरवीचे खात्रीचे औषध तिला अनेकदा जुमानत नाही. अशा नायट्यास दीर्घ उपचार लागतो, तो मध्येच सोडता येत नाही आणि घरातील ज्यांना ज्यांना नायटा आहे त्या सर्वांनी एकाच वेळी उपचार घेतल्यावाचून तो घरातून जात नाही.

जो नायटा नव्हे

कुंभकोणमजवळ साक्कोट्टै येथे कुष्ठरुग्णांच्या सेवेसाठी सेक्रेड हार्ट रुग्णालय आहे. त्याचे नाव येथे घेण्याचे कारण असे, की कुष्ठरोगाचा आरंभीचा डाग नायटा किंवा शिबे समजून महिनोन्महिने मलमे चोळणारी माणसे सर्वत्र आढळतात. ओळखण्याची रीत सोपी आहे. नायटा खाजतो, कुष्ठाचा डाग बहुधा खाजत नाही. रुग्णास डोळे मिटावयास सांगून कापसाच्या टोकाने डागावर व नंतर शेजारच्या कातडीवर स्पर्श करावा. डागावरील स्पर्श कळत नसेल किंवा बधिर वाटत असेल, तर संशय घ्यावा आणि सरकारी दवाखाना गाठावा. तेथे औषधे विनामूल्य मिळतात, रोग पूर्ण बरा होतो आणि लवकर गेल्यास हातापायांत व्यंग येत नाही. बधिर नसलेला डागही औषधाने बरा होत नसेल, तर तो एकदा दाखवून घ्यावा.

तसेच, रात्री अंथरुणात शिरताच वाढणारी आणि घरातील अनेकांस एकदम सुटणारी खाज ही बहुधा खरूज असते. ती एका सूक्ष्म किड्याची करणी असल्याने वरील दोन्ही औषधे तिला लागू पडत नाहीत. मात्र खाजवून झालेल्या ओरखड्यांत जिवाणू शिरून पू होतो. तेव्हा दोहोंचाही उपचार करावा लागतो.

पाय धुण्याची रीत

आता मूळ गोष्टीकडे वळू. पाय तर आपण सारेच धुतो. बाहेरून आल्यावर पायांवर पाणी घेतल्याशिवाय घरात पाऊल न टाकण्याची आपली रीत जुनी आहे. पण पायांवर तांब्याभर पाणी ओतणे निराळे आणि पाय धुणे निराळे. ओतलेले पाणी बोटांच्या बेचक्यात तसेच राहते, आणि तीच ओल बुरशीला हवी असते.

दिवसाचे काम आटोपल्यावर उजेडात बसावे. स्वच्छ, साध्या तापमानाचे पाणी आणि अंगाचा साधा साबण घ्यावा. गुडघ्यापासून खाली धूत यावे आणि प्रत्येक बोटाच्या बेचक्यात बोट घालून साबण लावावा. ब्रश किंवा खरखरीत दगड वापरू नये, त्याने नव्या चिरा पडतात. साबण पूर्ण निघून जाईपर्यंत पाणी घ्यावे. मग मऊ कापडाने टिपून कोरडे करावे, घासू नये. बोटांमधून कापडाची पातळ पट्टी हलकेच फिरवावी. त्यानंतर प्रत्येक बेचका उघडून पाहावा: पांढरी कातडी, चीर, फोड, दुर्गंध आहे काय? असल्यास तेथे मलम लावावे. टाच व पाऊल कोरडे पडत असेल तर तेथे खोबरेल तेल चालेल. बोटांच्या बेचक्यात मात्र तेल लावू नये. वाकता येत नाही अशा वृद्धांचे पाय घरातील दुसऱ्या कोणी तरी पाहावेत. मधुमेही माणसाने कढत पाण्यात पाय घालू नयेत; बधिर पायास भाजलेलेही कळत नाही.

ज्याचा पाय हत्तीरोगाने सुजलेला आहे, त्याने हे सारे रोज, न चुकता करावे. कातडीच्या घड्याही उघडून धुवाव्यात व कोरड्या कराव्यात. बसताना पाय टेबलावर किंवा पाटावर उंच ठेवावा, झोपताना त्याखाली उशी घ्यावी, घोटा वर-खाली हलवावा आणि बोटे न दाबणारी पादत्राणे घालावीत. ताप चढल्यास व्यायाम थांबवावा, विश्रांती घ्यावी, गार ओल्या कापडाने पाय शांत करावा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. गरम शेक, जोराचे मालिश, कातडी टोचून पाणी काढणे या गोष्टी अपाय करतात. अशा रुग्णांस पायाची निगा शिकविणे व त्यासाठी साहित्य देणे हे राष्ट्रीय कार्यक्रमाचा भाग आहे. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करावी. आणि ज्या गावात हत्तीरोगाच्या गोळ्या वाटल्या जातात, तेथील निरोगी माणसांनीही त्या घ्याव्यात, कारण कृमीचा प्रसार थांबतो तो त्यांच्यामुळेच.

घरातील इतर नियम थोडेच आहेत. प्रत्येकाचा टॉवेल व कंगवा वेगळा असावा. नायटा असलेल्या माणसाचे कपडे निराळे धुवून कडक उन्हात वाळवावेत आणि शिवणींवरून गरम इस्त्री फिरवावी. ओली अंतर्वस्त्रे अंगावर वाळू देऊ नयेत. मोजे रोज बदलावेत, बूट आलटून पालटून घालावेत. जखमेवर शेण, राख, चुना, रॉकेल यांपैकी काहीही लावू नये.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

लाली पसरत असेल, ताप वा थंडी असेल, जांघेत किंवा काखेत गाठ आली असेल. विकार चेहऱ्यावर किंवा डोळ्याजवळ असेल. रुग्ण तान्हे मूल, गरोदर स्त्री, वृद्ध किंवा मधुमेही असेल. नायटा अंगावर अनेक ठिकाणी असेल. अथवा साध्या मलमाने दोन आठवड्यांत उतार पडला नसेल, तर घरगुती उपचारात वेळ घालवू नये.

हत्तीरोगाविरुद्ध आपल्या देशात १९५५ पासून राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे. डासांशी झुंज, रात्रीची रक्ततपासणी, गोळ्यांचे वाटप अशा अनेक मार्गांनी तमिळनाडूत नव्या संसर्गाचे प्रमाण पूर्वीच्या मानाने पुष्कळ खाली आले आहे. पण ज्यांचे पाय आधीच सुजले, त्यांना गोळीने पूर्वीचा पाय परत मिळत नाही. त्यांच्यासाठी एक बादली पाणी, साबणाची वडी, कोरडे फडके आणि रोजची दहा मिनिटे एवढाच उपाय आहे. खाचरात मजुरी करणाऱ्या बाईचा एका तापाने आठवडा बुडतो, आणि वर्षातून असे चार ताप आले तर एका महिन्याची मजुरी गेली. ती महिन्याची मजुरी त्या दहा मिनिटांत राखता येते.

आपल्यापैकी बहुतेकांना हत्तीरोग नाही आणि ईश्वरकृपेने होणारही नाही. तरीही पायाच्या बोटांतील दार सर्वांनाच आहे. जिवाणू त्यातूनच शिरतात, मग पाय शेतकऱ्याचा असो, शिपायाचा असो की मधुमेहाने बेजार झालेल्या आजोबांचा असो. आज रात्री अंथरुणावर जाण्यापूर्वी स्वतःचे आणि घरातील थोरामोठ्यांचे पाय दिव्याजवळ घेऊन, बोटे उघडून पाहावीत. दार बंद असेल तर निश्चिंतपणे झोपावे. उघडे असेल तर ते बंद करण्याचा उपाय आता आपणांस ठाऊक आहे.